आठव्या दिवशीचा फोड

“बाई, पुसू नका. वाळू द्या. आणि आठव्या दिवशी फोड आला नाही तर पोराला परत घेऊन या,” देवीची लस टोचून झाल्यावर देवी डॉक्टरानं बजावलं होतं. तिनं नुसती मान हलवली. तिचं सारं लक्ष त्याच्या काळ्या नखांकडे होतं. कॉलेज शिकलेली बाई. जंतू म्हणजे काय हे त्यानं तिला सांगायचं?

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताच तिनं पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली आणि टिल्लूच्या दंडावरचे ओरखडे चोळून स्वच्छ केले. शेजारची शिंपीणबाई सोबत होती, काखेत नुकतीच टोचून घेतलेली तिची तान्ही चिमणी.

“आमच्या चिमणीलाही लावा की! तुम्ही शिकलेल्या.”

तिनं नवा कापूस घेतला. चिमणीचाही दंड लख्ख.

दोघांनाही ना फोड आला, ना ताप. “स्वच्छता पाळली की असं,” असं ती आळीभर सांगत सुटली. लस टोचल्याचा शिक्क्याचा कागद ट्रंकेत गेला.

दीड वर्षानं गावात देवीची साथ आली. नगरपालिकेनं पाववाल्याच्या दारावर देवीचा रोगी असल्याची लाल पाटी ठोकली, आणि दुसऱ्याच सकाळी तोच देवी डॉक्टर घरोघर फिरत तिच्या दारात उभा राहिला. टिल्लू परवाच पाववाल्याच्या मांडीवर बसून आला होता. तरी ती निर्धास्त. तिनं ट्रंक उघडून कागद पुढे केला.

“कागद राहू द्या. दंड दाखवा.”

त्यानं टिल्लूची बाही वर केली. मग दुसरी. दोन्ही दंड लोण्यासारखे गुळगुळीत.

“फोड आला होता?”

“नाही. मी लगेच स्पिरिटनं पुसलं होतं ना.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. “अहो, स्पिरिटनं लसच मेली की! पोर उघडंच राहिलं इतके दिवस.”

त्यानं पेटीतून सुई काढली. तिच्या हातातला कागद गळून पडला.

“अगं, धर त्याला! लाकूड झालीस का?” सासूबाई ओरडल्या. शेवटी त्यांनीच परवाचं पाववाल्याकडचं डॉक्टरला सांगितलं आणि टिल्लूला मांडीत दाबून धरलं. त्यानं टाहो फोडला.

“दोनच दिवस झालेत, वेळ गेलेली नाही,” डॉक्टर सुई पुसत म्हणाला. “पण हात लावाल तर खबरदार.”

तिनं स्पिरिटची बाटली मोरीत रिकामी केली. मग दर तासाला बाही वर करून बघणं. चौथ्या दिवशी तांबडी पुळी आली. आठव्या दिवशी मोत्यासारखा टपोरा फोड. पोर तापानं फणफणलं होतं आणि ही त्याला कुशीत घेऊन हसत होती, रडत होती.

फोड बघायला आलेला डॉक्टरही खूश झाला. “जमलं, बाई! आता सांगा, आणखी कुणाकुणाला पुसलंत?” तो थट्टेनं म्हणाला.

तिचं हसू तिथंच थिजलं.

चिमणी.

शिंप्याचं बिऱ्हाड हिवाळ्यातच गाव सोडून गेलं होतं. हातगाडीवर शिवणयंत्र, वर गाठोडी, गाठोड्यांवर चिमणी. पत्ता कुणाकडेच नव्हता. कापडवाला म्हणाला पूर्वेकडे गेले, गाडीवाला म्हणाला नदीपलीकडे.

तेव्हापासून ती दिसेल त्याला सांगते आहे. तुम्हालाही सांगते: “तुमच्या आळीत शिंप्याचं नवं बिऱ्हाड आलं असेल, मुलगी दोन वर्षांची, उजव्या भुवईत तीळ, तर आजच जा. आई शिक्क्याचा कागद दाखवेल. तो बघू नका. पोरीची बाही वर करा.”