सरांचे कान

इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावरही सगळी गल्ली त्यांना सरच म्हणायची. बायकोही सरच म्हणायची, कारण घरातही त्यांचा तास कधी सुटलाच नाही.

दोन वर्षांपासून सरांना ऐकू येत नव्हतं. नळ गळतोय, गॅस संपत आलाय, गुडघा ठणकतोय, सगळं बायकोला घसा फोडून सांगावं लागे. तिचा गुडघा दुखतो हे शेजारपाजाऱ्यांना पाठ झालं होतं, सरांना तेवढं माहीत नव्हतं. शेवटी लेकीने कान तपासायची वेळ घेतली.

काचेच्या खोलीत सरांच्या कानांवर हेडफोन चढवत तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, आता नीट हिअर करा. आवाज आला की बटण दाबा."

सरांनी हेडफोन काढलाच. "हिअर नव्हे, लिसन! हिअर म्हणजे नुसतं कानावर पडणं. पंख्याची घरघर हिअर होते, त्याला अक्कल लागत नाही. लिसन म्हणजे मन लावून ऐकणं. आणि लिसनच्या पुढे 'टू' येतो, तो लोक गिळून टाकतात."

बायको कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसली होती. हे तिने लग्न ठरलं तेव्हाही ऐकलं होतं. पंख्यासकट. तेव्हा तिला हा माणूस विद्वान वाटला होता. तिला स्वतःचंच हसू आलं.

तपासणी झाली. बाई म्हणाल्या, "कान ठणठणीत आहेत तुमचे. या वयात इतके चांगले कान क्वचितच बघायला मिळतात."

सर बक्षीस मिळाल्यासारखे फुलले.

"मग दोन वर्षं मी काय भिंतीशी बोलत होते?" बायकोने विचारलं.

"अगं, हिअर होत होतं गं. पण तुझे विषय असे किरकोळ..."

बाई उगाच वायर गुंडाळू लागल्या. बायकोला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. पण रागावण्याइतकंही त्या माणसात काही उरलं नव्हतं. चपलेला काहीतरी चिकटावं आणि ते खाली वाकून बघायचाही कंटाळा यावा, तसं तिला झालं.

दुसऱ्या दिवसापासून तिने ओरडणं बंद केलं. जे सांगायचं ते एकदाच, साध्या आवाजात. आठवड्याभरात एका सकाळी ती म्हणाली, "ताईकडे चाललेय. महिनाभर राहीन. जेवणाचं तुमचं तुम्ही बघा."

"हूं," सर पेपरमागून म्हणाले.

दुपारी फोन आला. "कुठे आहेस तू? स्वयंपाकघरात काहीच नाही! सांगून जायची काही पद्धत?"

"सांगितलं होतं. तुम्ही हूं म्हणालात."

"अगं, हूं म्हणजे होकार नव्हे. हूं हा नुसता उद्गार..."

तिने फोन टेबलावर उपडा ठेवला.

"कोण गं?" ताईने विचारलं.

"कुणी नाही. चहात आलं घालू का?"