रेफरी उभे राहिले तो दिवस

रेफरींचा न्यूमोनिया इतका बळावला, की त्यांना थेट आयसीयूत हलवून व्हेंटिलेटर लावावा लागला. उभं आयुष्य फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकत धावलेला माणूस. आता गळ्यातल्या नळीतून मशीन श्वास देत होतं आणि मांड्या पार सुकल्या होत्या.

म्हणून त्या सकाळी फिजिओथेरपिस्ट “आज उभं राहायचं हं” म्हणाली, तेव्हा त्यांच्या बायकोचा पाराच चढला.

“अगं, माणूस मशीनवर आहे! जरा आराम तरी करू द्याल की नाही?”

“काकू, आरामानेच पाय गेलेत. पडून राहिलं की स्नायू भराभर झिजतात. म्हणून आम्ही रोज मोजतो. नुसतं पडून असलं तर शून्य, कशाच्याही आधाराशिवाय चाललं तर दहा. काल काका पलंगाच्या कडेला बसले, म्हणजे तीन. उभे राहिले की चार.”

“आणि पडले तर?”

“आम्ही धरलेलं असेल. नाडी, ऑक्सिजन सगळं बघितलंय. जरा जरी गडबड वाटली तर थांबू.”

रेफरींना नळीमुळे बोलता येत नव्हतं. त्यांनी चार बोटं वर केली आणि हुज्जत घालणाऱ्या खेळाडूकडे पाहावं तसं बायकोकडे पाहिलं.

काकूंना हसू फुटलं. “बघ, आता मलाच मैदानाबाहेर काढतील!”

सिस्टरने व्हेंटिलेटरची नळी सांभाळली. रेफरींच्या कमरेला पट्टा बांधून एका बाजूने वॉर्डबॉयने धरलं, दुसऱ्या बाजूने फिजिओने. काकूंना तिने समोर उभं केलं.

“एक, दोन, तीन!”

रेफरी जेमतेम उचलले गेले आणि धपकन परत बसले. मॉनिटर किंचाळायला लागला.

फिजिओने मॉनिटरवरच्या आकड्याकडे पाहिलं. “नाडी वाढलीय, पण चालेल. काका, दम खा.”

आकडा खाली आला तसा रेफरींनी गादीवर हात आपटला. पुन्हा!

या वेळी गुडघे लटपटले, वाकले आणि मग सरळ झाले. रेफरी उभे होते. काकूंना मान वर करून त्यांच्याकडे पाहावं लागलं. आपला नवरा एवढा उंच आहे, हे त्या पलंगाशेजारी बसून बसून विसरूनच गेल्या होत्या.

“अहो! अहो, उभे राहिलात!”

“चार!” फिजिओ ओरडली. “आता बसा.”

रेफरींनी नकारार्थी मान हलवली आणि हनुवटीने पलंगाजवळची खुर्ची दाखवली.

“खुर्चीपर्यंत? ते पाच होतील. झेपेल?”

त्यांनी हात पुढे केला. खेळ चालू!

“उजवा पाय!” आता काकूच ओरडत होत्या. “शाब्बास! डावा! अहो, टाका ना पुढे!”

“काकू, हळू. बाकीचे पेशंट आहेत,” सिस्टर म्हणाली खरी, पण तिचाही आवाज चढला होता. पलीकडच्या पलंगावरच्या आजींनी मान उचलून टाळ्या वाजवल्या.

शेवटचं पाऊल घसटत पडलं आणि रेफरी खुर्चीत टेकले. घामाने निथळत होते, पण डोळे नुसते लकाकत होते. काकूंनी त्यांचा चेहरा पदराने पुसला, तिथूनच मुलीला फोन लावला आणि “बाबा खुर्चीत बसलेत गं! खुर्चीत!” एवढंच परत परत सांगत राहिल्या.

फिजिओ पुढच्या पेशंटकडे निघाली, तशी काकूंनी तिला हाक मारली.

“ए पोरी, उद्या किती वाजता येशील? लवकर ये.”