तबकडीवरचा तांदूळ

"आत कोण गेलं होतं?" गुप्ते साहेबांनी विचारलं. त्यांच्या तळहातावर तांदळाचा अर्धा दाणा होता, एका बाजूने कुंकवाने लाल झालेला.

सहदेव ठोंबरे खाली मान घालून उभा राहिला. रसायनीच्या या कारखान्यात त्र्याऐंशी साली कॉम्प्युटर आला, तेव्हा त्या खोलीच्या राखणीला सहदेवला नेमलं ते त्याच्या संशयी स्वभावामुळेच. त्याच्या लोधिवली गावात त्याची ख्यातीच तशी होती. दूधवाला हसला तर दुधात पाणी आहे आणि नाही हसला तर जास्तच आहे, असं मानणारा हा माणूस. खोलीची किल्ली तो करगोट्याला बांधून फिरायचा.

खोलीत कॉम्प्युटरच्या शेजारी, जाड केबलीने त्याला जोडलेलं कमरेएवढं एक कपाट होतं. त्यात एकावर एक रचलेल्या तव्यांसारखी तबकड्यांची चळत बसायची. कुठल्या पिंपात कुठलं रसायन, कधी भरलेलं, कुणाकडे पाठवायचं, ही कारखान्याची सगळी माहिती त्या तबकड्यांवर. रोज सकाळी वरचं झाकण उघडून चळत आत बसवायची, हे सहदेवचं काम. देव्हाऱ्यातले देव हलवावेत तसं तो ते करी.

आज खंडेनवमी होती. सगळ्या खात्यांत यंत्रांना हार-कुंकू झालं, नारळ फुटले. कपाळ लाल नसलेला माणूस कारखान्यात शोधून सापडला नसता. फक्त या खोलीत साहेबांनी पूजेला मनाई केली होती. धुळीचा कण गेला तरी तबकडी खरवडते, असं त्यांनी दहादा बजावलं होतं. आणि नऊच्या सुमाराला कपाटातून पत्रा कापल्यासारखा आवाज आला. साहेबांनी घाबरून, जपून ठेवलेली दुसरी चळत त्याच कपाटात चढवली. बिघडलेल्या यंत्राने तीही खरवडून टाकली. मग पहिल्या चळतीच्या तबकडीवर हा अर्धा दाणा सापडला. अस्सल गेलं, नक्कलही गेली. आता मुंबईच्या ऑफिसला कुणाचं तरी नाव कळवायला हवं होतं, आणि ते साहेबांना स्वतःचं नको होतं.

"सहदेव, मी विचारतोय."

सहदेवच्या डोळ्यांपुढे सकाळची चंद्राबाई आली. चंद्राबाई झाडूवाली. कुंकवाचा करंडा घेऊन ती खोलीच्या दाराशी उभी राहिली होती.

"सहदेवभाऊ, येक बोट लावू द्या तुमच्या मशिनीला. वरसाचा दिस हाय. सगल्यांना लागलं, तिलाच तेवढं नाय."

"साहेब नाय बोललेत. जा तू."

ती गेली होती. पण खरंच गेली का? मधे पाच मिनिटं तो चहाला गेला होता. किल्ली त्याच्याच कमरेला होती हे खरं, पण एखादीने मनात घेतलं तर कुलपाचं काय घेऊन बसलात, असा त्याचा हिशेब.

"चंद्राबाय व्हती दारात, साहेब," तो म्हणाला. "कुंकू घेऊन."

चंद्राबाईला त्याच दुपारी कामावरून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दसरा, कारखान्याला सुट्टी. संध्याकाळी सहदेवच्या बायकोने, सोनाबाईने, पाट मांडला, त्याला ओवाळलं आणि कपाळावर ओलं कुंकू लावून त्यावर तांदूळ चिकटवले. सहदेव आईच्या पाया पडायला वाकला, तसा एक दाणा सुटून म्हातारीच्या पावलावर पडला. एका बाजूने लाल.

"उठ की रं," म्हातारी म्हणाली. "पाठ धरली काय?"

सहदेव उठला नाही. काल सकाळी बॉयलरच्या पूजेला तिथल्या कामगाराने, नागूने, त्याला असाच भरघोस टिळा लावला होता, वर अक्षता दाबल्या होत्या. तिथून तो थेट खोलीत आला होता आणि झाकण उघडून तबकड्यांवर वाकला होता. अख्ख्या जगावर संशय घेणाऱ्या या गड्याच्या संशयातून एकटा तो स्वतःच सुटला होता. त्याला अशी लाज वाटली की दसऱ्याचं ताट त्याने तसंच बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरल्या शिरल्या तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, तो दाना माझ्या कपालावरचा. चंद्राबायला परत बोलवा."

साहेबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तिचा एवढा पुळका का आलाय तुम्हाला?"

"पुळका नाय, साहेब. खरं तेच सांगतो."

"रिपोर्ट मुंबईला गेलाय. आता नवीन काही ऐकलं, तर तुम्हीही घरी जाल."

सहदेव अर्धी रजा टाकून निघाला. चंद्राबाई कुणाच्या तरी शेतात भात कापत होती. त्याने बांधावर उभं राहून सगळं सांगितलं. तिने विळा थांबवला नाही.

"गेटावर सगल्यांच्या म्होरं माजी पिशवी उलटी केली, भाऊ. कामाची पाली सुटायची येल व्हती. हितं बांधावर सांगून काय व्हतंय? तितं चला."

"माझी नोकरी जाईल गं."

"माजी गेलीच हाय."

तीनचा भोंगा झाला तेव्हा दोघं गेटावर होते. माणसं बाहेर येऊ लागली. सहदेवने हात वर करून त्यांना थांबवलं. त्याने सगळं सांगितलं: टिळा, झाकण, तांदूळ. "चंद्राबायचा काय बी दोष नाय. दाना माझा व्हता. तिचं नाव बी मीच घेतलं."

मग नागू म्हणाला, "काय रं सहदेवा, आता सोताचा बी संशय यायला लागला व्हय?" पुढची माणसं हसली. वर ऑफिसच्या खिडकीत गुप्ते साहेब येऊन उभे राहिले.

चंद्राबाई हसली नाही. कमरेचा पदर सोडून तिने तो डोक्यावर नीट घेतला.

"भाऊ," ती म्हणाली, "मागच्यांना आयकू नाय गेलं. पुन्यांदा सांगा."

सहदेवने खिडकीकडे एकदा बघितलं, घसा खाकरला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.