गाईच्या कानाला फोन

आमच्या सोनी गाईच्या खांद्यावरच्या जखमेत माशीनं अंडी घातली आणि आत किडे वळवळायला लागले. माझा नवरा नवनाथ सिल्वासात धाग्याच्या कंपनीत मोठमोठी मशीनं चालवतो. पण गुरांच्या डॉक्टरला बोलवायचं सोडून त्यानं फोन लावला खानवेलच्या सुकदेव भगताला. भगत हल्ली येत नाही. बसनं कोण धक्के खाणार? फोनवरच मंत्र टाकतो.

नवनाथनं स्पीकर लावून फोन गाईच्या कानाशी धरला आणि तोंड फिरवलं. किडे बघून किळस येते म्हणे! मग मीच टर्पेंटाइनचा बोळा जखमेत धरला आणि वर आलेला एकेक किडा चिमट्यानं ओढून पत्र्याच्या डब्यात टाकला. डब्यात टप्प वाजलं की हा पठ्ठ्या ओरडायचा, "पडला, महाराज!" तिकडे भगताचा आवाज आणखी चढायचा.

शेवटी भगत म्हणाला, "झालं काम. आता जखमेला बाईचा हात लागू देऊ नका, मंत्र उतरतो."

माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी आत राहिलेले किडे वर आले. मी बोळा आणि चिमटा नवनाथच्या हातात दिला. "धरा. बाईचा हात नको ना?"

त्यानं जखमेत वाकून पाहिलं, पांढराफटक पडला आणि शेणातच आडवा झाला.

मी भगताला फोन लावला, स्पीकर नवनाथच्या कानाशी धरला आणि ओरडले, "पडला, महाराज!"