आयेच्या छातीतला आवाज

शिबिराच्या दिवशी यशोदा नवं पातळ नेसून, अबोलीचा वळेसर माळून शाळेत जाऊन बसायची. कुणकेश्वरात दरवर्षी वैद्यकीय कॉलेजची मुलं यायची, गाव तपासायची आणि तपासता तपासता शिकायची. लहानपणीच्या सांधेतापाने यशोदेच्या हृदयाची एक झडप आखडली होती. तो आवाज नुसता वाचून कळत नाही, म्हणून सर एकेकाला तिच्याकडे पाठवत.

"मिळालो आवाज?" ती विचारी. कुणी उगाच मान डोलावली की हसे. "खोटा बोलतस रे डॉक्टरा. परत लाव."

मुलं शेजारी बसलेल्या भक्तीपुढेही स्टेथोस्कोपच्या नळ्या धरत. "ताई, ऐकणार?"

"नको," जामसंड्याच्या शाळेत मराठी शिकवणारी यशोदेची ही लेक म्हणे.

एका वर्षी, शिबिराच्या सकाळी, सुशांत नावाच्या मुलाने आवाज यंत्रात भरून घ्यायची परवानगी मागितली. "घे, घे. पोरांक उपयोगी पडात," यशोदा म्हणाली. ऐकता ऐकता त्याचं हसू मावळलं. त्याने नाडी धरली, मग सुजलेल्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला.

"मावशी, ठोके चुकतायत. आजच कोल्हापूरला जायला हवं."

"आज? टोपलीभर बांगडे पडलेत माझे. बांगडो सडता रे, मी काय सडतंय?"

सर आले, त्यांनी ऐकलं. "आजच," तेही म्हणाले.

यशोदेने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. होडी पाण्यात असली की घरात वाईट बोलायचं नाही, भ्यायचं तर त्याहून नाही, हा तिचा नेम. नवरा एकदा दर्यावर गेला तो परतलाच नाही, तरी नेम सुटला नव्हता.

"भियालंस काय गो?"

"नाय," भक्ती वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाली. "गाडी सांगतंय. बांगडे शेजारीण विकात."

गाडी यायला दुपार झाली. यशोदा वाटभर ड्रायव्हरला मासळीचे भाव सांगत होती. फोंडाघाट गाव मागे पडलं, चढ लागला, तशी ती गप्प झाली. तिने भक्तीचा हात धरला. "काच खाली कर गो." भक्तीने काच खाली केली. वारा आत आला. कोल्हापूर यायच्या आधीच हातातली पकड सुटली.

पुढच्या वर्षी शिबिर भरलं, तेव्हा सुशांत आधी घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मावशींचा आवाज नव्या मुलांना ऐकवायचाय. तुम्ही नको म्हणालात तर आत्ता पुसतो."

भक्तीने त्याच्या हाताकडे पाहिलं. त्याचा अंगठा यंत्रावर थांबलेला होता.

"आधी मला ऐकू दे."

त्याने यंत्राला जोडलेल्या नळ्या तिच्या कानांत घातल्या. दोन ठोके, मागोमाग खोल घरघर. मग ठोका अडखळला. पुढचा ठोका येईना. आला, तो घाईघाईने, जवळजवळ धावत. आणि त्या सगळ्याखालून, छातीच्या आतून आल्यासारखा, दबका, खट्याळ प्रश्न आला.

"मिळालो?"

भक्तीने नळ्या काढल्या नाहीत.

"मिळालो, आये," ती मोठ्याने म्हणाली. "भियाललंय गो मी. लय भियाललंय."