घनश्यामभाऊंचा वाढदिवस

केकचा वास आला की अजूनही मी तिथून उठून जाते. आमच्या निवारागृहात मार खाल्लेली, उपाशी ठेवलेली, कुणी टाकून दिलेली मुलं पोलीस आणून सोडतात. यवतमाळच्या बड्या मंडळींना मात्र ते वाढदिवसाचं सभागृह वाटतं. बायकोचा असो, नातवाचा असो, स्वतःचा असो, केक आमच्याकडेच कापायचा. मुलांना टोप्या घालून रांगेत उभं करायचं, टाळ्या वाजवून घ्यायच्या. मग पाहुणे जेवायला हॉटेलात जातात.

त्या आठवड्यात सोनू आली होती. सात-आठ वर्षांची, उमरखेडकडच्या खेड्यातली. आईबाप नाहीत. काकाने, अमरने, तिला गोठ्यात बैलाच्या दाव्याने बांधून ठेवलं होतं. घोट्यावरचा वळ अजून ओला होता. बालकल्याण समितीने बजावलं होतं, पोरगी कुठे आहे हे काकाला कळता कामा नये. मी कुंदा, इथली काळजीवाहक. मुलं मला मावशी म्हणतात. सोनू काहीच म्हणायची नाही, नुसती भिंतीला पाठ लावून बसायची. मग एका सकाळी ती कंगवा घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. वेणी घालताना मला इतका आनंद झाला की काय सांगू.

नेमके त्याच दिवशी घनश्यामभाऊ उगवले. कापसाच्या जिनिंगचे मालक. हातात स्वतःच्या वाढदिवसाचा केक, मागे फोटोवाला. आमचे अधीक्षक सदाशिव साहेब गेटपर्यंत धावले.

“फोटो पाठमोरे घ्या जी,” मी म्हणाले.

भाऊ हसले. “पाठीचा कायले फोटो काढता बाई? लेकरं किती खुश हायेत, लोकायले दिसलं पाह्यजे ना!”

“साहेब, हिचा तरी नका घेऊ.” मी सोनूला मागे ओढलं.

“कुंदाबाई, चांगल्या दिवशी तोंड वाकडं करू नका,” साहेब दात काढत म्हणाले. “आपला तांदूळ भाऊंकडूनच येते.”

भाऊंनी तिचा दंड धरून तिला पुढे घेतलं. बोटभर क्रीम तिच्या गालाला फासलं. “आता हस!” पोरीने तोंड उघडलं ते भीतीने, फोटोवाल्याला ते हसू वाटलं. मला त्या बोटाची शिसारी आली, आणि साहेबांच्या टाळ्यांची त्याहून जास्त.

संध्याकाळी फोटो भाऊंच्या स्टेटसवर होता, आमच्या पाटीसकट. खाली लिहिलं होतं, ‘निराधार चिमुकल्यांसोबत’. कापूस घालायला येणाऱ्या गावोगावच्या लोकांकडे भाऊंचा नंबर आहे. काढायला सांगा म्हणून मी साहेबांच्या मागे लागले, तर म्हणाले, “मोठ्या माणसाले कसं सांगू?”

दुसऱ्याच दिवशी अमर गेटवर हजर. मोबाइल उंच धरलेला, त्यात सोनूचा माखलेला गाल.

“माह्या भावाची पोरगी लपवून ठेवता अन् तिले केक चारता? आणा तिले भायेर!”

आत सोनूने आवाज ओळखला. ती ओरडली नाही, पळाली नाही. भिंतीशी बसली आणि दोन्ही पाय जुळवून पुढे केले. बांधायला.

“पाच मिनिटं भेटू द्या, तमाशा नको,” साहेब माझ्या कानात कुजबुजले. मी गेटची किल्ली कमरेला खोचली आणि पोलिसांना फोन लावला. त्यांनी अमरला नेलं, पण जागा उघडी पडली ती पडलीच. समितीने सोनूला दुसऱ्या जिल्ह्यात हलवायचं ठरवलं.

तिला न्यायला जीप आली, तेव्हा साहेब फोनवर होते. पलीकडून भाऊंचा आवाज मला व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होता. आता नातवाचा वाढदिवस होता. तीच पोरगी पुढे ठेवा म्हणे, फोटोत लई गोड आली. आणि साहेब मान हलवत “हो भाऊ, हो भाऊ” करत होते! तो फोन हिसकून नालीत टाकावा असं मला वाटलं.

पण माझ्या हातात सोनूची वेणी होती. ती पुढ्यात बसली होती, मांडीवर कपड्यांची पिशवी.

“मावशी, मले कायले पाठवून राह्यली?” तिने विचारलं. “म्या त केक मांगितलाच नव्हता. जीभ बी नाई लावली. लगेच पुसून टाकला होता.”