मधली दोन पानं

ताईने कोऱ्या कागदांची जुडी मधोमध दुमडली, घडीवरून पट्टी दाबून फिरवली आणि एकेका पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने आकडे घालायला घेतले. शाळेच्या कचेरीत जेवणाची सुट्टी होती. बाहेर पोरांचा गलका चालला होता, आणि टेबलावरचा तिचा डबा तसाच बंद पडून होता. ही कोरी वही म्हणजे अंकाचा सांगाडा. कुठली गोष्ट कुठल्या पानावर सुरू होते, कुठे संपते, ते आधी यात मांडायचं आणि मग झेरॉक्सवाल्याकडे जायचं. आतापर्यंतचे सहा अंक तिने असेच बसवले होते. शाळेचं वेळापत्रकही तीच बसवायची. कोणाला कुठला तास दिला की त्याचा अख्खा आठवडा कडू होतो, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

मधल्या दोन पानांवर तिने चौकोन आखला आणि हात थांबवला. तिथे चित्र येणार होतं, आणि या वेळी ते तिच्या गोष्टीचं नव्हतं.

‘अलीकडची राणी’ ही मालिका बंद पडून बरीच वर्षं झाली होती. एका दाराच्या अलीकडे राणी, पलीकडे तो. त्याला नाव नव्हतंच, सगळे त्याला पलीकडचाच म्हणत. दार ओलांडेल तो दुसऱ्याला विसरेल, असा शाप. तीन पर्वं ती दोघं दाराला हात लावून बोलत राहिली आणि चौथं पर्व आलंच नाही. ज्यांच्या जिवाला ते लागलं, अशा काही बायका आणि एक बँकेतला कॅशियर मिळून मग ‘उंबऱ्यावर’ नावाचा अंक काढू लागले. जे मालिकेने केलं नाही ते आपण करायचं, गोष्टी लिहायच्या. कल्पना ताईची, आणि नियमही तिचेच. त्या राज्यात चंद्र नाही, हे पहिल्याच भागात सांगून झालं होतं. कुणा नवख्याने गोष्टीत चांदणं आणलं, की ताई तांबड्या पेनाने ते खोडायची आणि बाजूला लिहायची, ‘पुन्हा बघा.’

दुसरा नियम नावांचा. गोष्टी ताईकडे यायच्या. ती वरचं नाव काढून तिथे एखाद्या पक्ष्याचं नाव घालायची आणि पुढे पेन्सिलकडे पाठवायची. पेन्सिल म्हणजे तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, चादरींच्या कारखान्यात नक्षी काढणारी. ती सगळ्या गोष्टी वाचून एक निवडायची आणि मधल्या दोन पानांवर त्या गोष्टीचं चित्र काढायची. सहाही वेळा तिने ताईचीच गोष्ट निवडली होती. बाकीचे चिडवायचे, तुमचं आतून साटंलोटं आहे म्हणून. कोणाची कुठली ते मला माहीत नसतं, असं पेन्सिल शपथेवर सांगायची. ताईचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. आपली ओळ न् ओळ ती ओळखते आणि ओळखूनच निवडते, असं तिला वाटायचं, आणि वर्षभर पुरेल इतकं सुख त्यात होतं.

या वेळी पेन्सिलचा फोन आला तेव्हा ताई भांडी पुसत होती.

“खंड्या,” पेन्सिल म्हणाली. “वाचताना दूध उतू गेलं माझं. कोणाची गं ही?”

“अंक निघाल्यावर कळेल,” ताई म्हणाली आणि पुसलेलंच ताट पुन्हा पुसू लागली. तिची स्वतःची गोष्ट पारवा होती.

खंड्या धाकटीची होती. धाकटी म्हणजे ताईच्या धाकट्या भावाची बायको. हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. मागे तापाने महिनाभर घरात पडून होती, तेव्हा तिचा वेळ जावा म्हणून ताईनेच तिला मालिका दाखवली होती. अंकाच्या बैठकीलाही ताईनेच नेलं होतं, घरचं माणूस म्हणून. भटाला दिली ओसरी, असं आता ताईच्या मनात आलं, आणि पुढचं वाक्य तिने दात दाबून पुरं केलं. धाकटीने भावाला नेलं त्याचं तिला काही वाटलं नव्हतं, ते रीतीचंच होतं. आईसुद्धा हल्ली दुखलं-खुपलं धाकटीलाच सांगायची, तेही तिने सोडून दिलं होतं. पण पेन्सिल तिची होती. ती तरी शिल्लक राहायला हवी होती.

हेवा वाटतोय, हे तिला स्वतःपासून लपवता येत नव्हतं. डबा उघडायची इच्छा नव्हती.

तिने सांगाडा पुन्हा उघडला. चित्र मधल्या दोन पानांवर समोरासमोर: डावीकडे गुडघ्यावर बसलेली राणी हात वर करून, उजवीकडे पायरीवर उभा पलीकडचा हात खाली करून, आणि दोघांचे हात नेमके घडीपाशी भेटलेले. यात पहिल्यांदाच त्यांचे हात लागत होते. चित्राच्या आधी पारवा होती. पारवा एका पानाने लांबली, तर पुढचं सगळं एक पान सरकेल. मग राणी येईल उजव्या पानावर आणि पलीकडचा जाईल त्याच पानाच्या पाठीवर. शेवटी एक पान कोरं ठेवलेलंच होतं, ते काढलं की पानांची संख्याही जुळेल. कोणाला पुसायलासुद्धा नको.

एक पान लांबवायचं म्हणजे काहीतरी लिहायला हवं. तिने जे हाताला आलं ते लिहिलं. उंबऱ्यावर ऊन-सावली कशी होती, वारा कसा होता, राणीच्या केसांवर कसं काय पडलं होतं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा पान भरलं होतं. ते तिने परत वाचलं नाही. संध्याकाळी सगळं झेरॉक्सवाल्याकडे देऊन आली.

रविवारी दुपारी अंक बांधायला पेन्सिल आणि धाकटी तिच्याकडे आल्या. जेवणाच्या टेबलावर कागदांचे गठ्ठे लागले. ताई पानं जुळवत होती, पेन्सिल चमच्याच्या दांड्याने घड्या दाबत होती आणि धाकटी लांब दांड्याच्या स्टेपलरने मधोमध पिना मारत होती.

“या वेळीही तोच पातळ कागद?” पेन्सिल म्हणाली. “मागची शाई पुढे दिसते. दर वेळी सांगते.”

“त्याच्याकडे तोच असतो,” ताई म्हणाली.

“असू दे ना,” धाकटी म्हणाली. “जाड कागदाची घडी फुगते.” तिचं लक्ष गठ्ठ्यावर होतं. चित्र तिने अजून पाहिलं नव्हतं. पेन्सिलने ते अंकाआधी ताईशिवाय कोणाला दाखवायचं नाही, असा दंडक होता. आपल्या गोष्टीवर चित्र आहे एवढं तिला ताईकडून कळलं होतं, आणि आल्यापासून ती उगाचच दोघींना पाणी विचारत होती.

पेन्सिलने पहिली प्रत मध्यावर उघडली. मग एक पान पुढे गेली, पुन्हा मागे आली.

“हे काय झालंय?”

“काय गं?” ताईने वर न बघता विचारलं.

“राणी इथे आहे. तो मागच्या बाजूला गेलाय.”

“अगं बाई.” हा उद्गार ताईने मनात इतक्यांदा म्हणून ठेवला होता, की तो अगदी सहज आला. “एक पान सरकलं वाटतं. माझी गोष्ट जरा वाढली ना शेवटी.”

“सगळ्या प्रतींत असंच?”

“छापूनच आलंय म्हटल्यावर...”

धाकटीने स्टेपलर खाली ठेवला. तिने प्रत हातात घेतली, राणी पाहिली, पान उलटून त्याला पाहिलं, पुन्हा राणी पाहिली. तिची हनुवटी थोडी हलली. या क्षणाचीच ताईने वाट पाहिली होती, आणि तो गोड लागला. खोटं कशाला बोला, चांगलाच गोड लागला.

“जाऊ दे, ताई,” धाकटी म्हणाली. “पान उलटलं की तो आहेच की. वाचणाऱ्यांना कळेल.” ती वळून खिडकीपाशी गेली.

धाकटीला एक खोड होती. हातात जे पातळ येईल ते ती उजेडासमोर धरायची. पाकीट, औषधाची पट्टी, लग्नाची पत्रिका. दिवसभर एक्स-रे बघून बघून लागलेली सवय. घरात सगळे तिची त्यावरून थट्टा करत. आताही डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून तिने तोंड फिरवलं, आणि करायचं काय म्हणून ते एक पान काचेसमोर धरलं.

मग तिने ते जरा वर सरकवलं आणि काचेला टेकवलं.

“पेन्सिलताई,” ती म्हणाली, “इकडे या.”

पेन्सिल उठून गेली. दोघी पाठमोऱ्या खिडकीत उभ्या राहिल्या. ताईला इथून फक्त उन्हात पिवळं झालेलं पान दिसत होतं.

“हातावर हात आलाय,” पेन्सिल हळू म्हणाली.

“आणि तो तिच्या मागे उभा आहे. बरोब्बर मागे. खाली ठेवलं की नाही. उजेडात धरलं की आहे.” धाकटी वळली. तिचे डोळे अजून ओलेच होते, पण चेहरा पार बदलला होता. “मध्ये कागदाचंच दार केलंत तुम्ही. अलीकडे ती, पलीकडे तो. ताई, तुम्ही मुद्दाम केलंत हे!”

“हो,” असं ताईच्या तोंडून गेलं. मुद्दाम केलंत ना, असं विचारल्यावर दुसरं काय म्हणणार.

“आणि वर म्हणे पान सरकलं. मला रडवलंत की.” धाकटीने तिला मागून येऊन गच्च मिठी मारली. “माझ्या गोष्टीसाठी एवढा विचार माझ्या आईनेही केला नसता. थांबा, यांना सांगते.” ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दाराआडून तिचा आवाज येत राहिला: अहो, ताईंनी काय केलंय माहितीये, तुमचा विश्वास बसणार नाही.

पेन्सिल परत खुर्चीवर येऊन बसली. तिने चित्राआधीची पानं उलटली आणि पारवाचं शेवटचं पान वाचायला लागली. ताई तिच्या डोळ्यांकडे बघत राहिली. ओळींवरून ते डावीकडून उजवीकडे जात होते, आणि पानाच्या मध्यावर थांबले.

“राणीच्या केसांवर चांदणं पडलं होतं,” पेन्सिलने वाचलं.

ताईने समोरचे कागद सरळ केले. ते आधीच सरळ होते.

“तिकडे चंद्र नसतो, बये,” पेन्सिल म्हणाली.

आतून धाकटी हसल्याचं ऐकू आलं. ताईला वाटलं, पेन्सिल आता उठेल, आत जाईल आणि सांगून टाकेल. सांगितलं असतं तर एका परीने बरंच झालं असतं. पण पेन्सिलने अंक मिटला, त्यावर तळहात ठेवला आणि ती ताईकडे बघू लागली. रागाने नाही. चादरीच्या नक्षीत चुकलेला टाका शोधावा तसं.

“सहाही वेळा मला खरंच माहीत नव्हतं गं,” ती म्हणाली. “ज्या आवडल्या त्या काढल्या.”

सहा अंक समोरच्या कपाटात काचेआड उभे होते, आणि तिने मान वर केली असती तर दिसले असते.

धाकटी परत आली. “ते म्हणतायत, पण लोकांना कळणार कसं? कोण कशाला पान उजेडात धरून बघेल?”

“लिहावं लागेल,” पेन्सिल म्हणाली. “राणीच्या खाली, कडेला, बारीक अक्षरात. प्रत्येक प्रतीत. हातानेच, आता छापून तर झालंय.” तिने टेबलावरून काळं पेन उचललं आणि ताईसमोर ठेवलं. “तुझं अक्षर सगळ्यांत चांगलं आहे. तू लिही.”

ताईने पेन घेतलं. पेन्सिलने पहिली प्रत त्या पानावर उघडून तिच्या पुढ्यात सरकवली. ‘हे पान उजेडासमोर धरून बघा,’ ताईने लिहिलं. पेन्सिलने ती प्रत ओढून घेतली आणि दुसरी उघडून ठेवली. ताईने पुन्हा तेच लिहिलं. मग तिसरी. गठ्ठा अजून तिच्या कोपराइतका उंच होता.

“अहो ताई,” धाकटी म्हणाली, “तुम्ही स्वतः तरी छापून आल्यावर बघितलंत का?” आणि उत्तराची वाट न बघता तिने पिना मारलेली एक प्रत तिच्या डोळ्यांसमोर, खिडकीच्या उजेडात धरली.

ताईने बघितलं. चांगलं दिसत होतं. तिने काढलेल्या कुठल्याही अंकात इतकं चांगलं काही नव्हतं.

“दिसलं?” धाकटीने विचारलं.

“दिसलं,” ताई म्हणाली, आणि पेन्सिलने पुढे केलेली प्रत तिने जवळ ओढली.